चिवड्याच्या पिशवीत नायट्रोजन भरताना: छोट्या उद्योगासाठी पायरी-पायरीने

चिवड्यात सगळ्यात आधी दगा देतं ते खोबरं. पोहे कुरकुरीत असतात, दाणे ठीक असतात, आणि खोबऱ्याचा एक काप दाताखाली आला की तोंडभर खवट चव पसरते. गिऱ्हाईक खोबऱ्याला नावं ठेवत नाही. म्हणतं, "यांचा माल जुना असतो." चिपळूणला आमचं छोटं युनिट आहे: चिवडा, केळ्याचे वेफर, फणसाचे तळलेले गरे आणि हंगामात काजू. ही तक्रार दोन दिवाळ्या ऐकली, मग नायट्रोजन आणला, आणि नायट्रोजन भरूनही पहिली बॅच महिन्याभरात खवट झाली. ती का झाली ते पुढे सांगतो.

बचत गट, घरगुती उद्योग, दोन-चार माणसांची युनिटं यांच्यासाठी हे लिहितोय. मोठ्या कारखान्यात हे बघायला वेगळा माणूस असतो. आपल्याकडे तळणारा, भरणारा आणि सिलिंडर फिरवणारा एकच.

सुरुवातीला एवढं मनात बसवा. नायट्रोजनला एकच काम येतं, ऑक्सिजनला हुसकावून लावणं. पिशवीत ते केलं तर चिवडा टिकतो. खोलीत केलं तर माणूस पडतो. गॅसला पिशवी कुठली आणि खोली कुठली ते कळत नाही, ते आपण बघायचं.

खवटपणा येतो कुठून

आपण घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो, उरलेल्या एका टक्क्यात बहुतेक आर्गॉन. तेलातली असंतृप्त चरबी या ऑक्सिजनशी हळूहळू जुळते, आधी पेरॉक्साइडं बनतात, ती मोडून जे पदार्थ होतात त्यांचा तो ओळखीचा खवट वास. उजेड आणि उष्णता या कामाला वेग देतात, लोखंड-तांब्याचे अंश तर फारच. म्हणून गंजलेली कढई आणि पारदर्शक पिशवी हे दोघेही चिवड्याचे वैरी.

पेरॉक्साइडची साखळी तळतानाच सुरू होते. चार दिवस उकळलेल्या तेलात तळून वर कितीही शुद्ध नायट्रोजन भरा, पिशवीत जुन्या तेलाचाच चिवडा राहणार. गॅस बिघाड लांबवतो, झालेला बिघाड माघारी फिरवत नाही. मऊ पडणं ही तर निराळीच गोष्ट. ते आर्द्रतेचं काम आहे, आणि ते अडवायचं असतं पिशवीच्या फिल्मने.

काजूवाल्यांना यात नवीन काही नाही. २५ पौंडी पत्र्याच्या डब्यातली हवा काढून त्यात कार्बन डायऑक्साइड भरायची 'व्हिटा पॅक' पद्धत काजू निर्यातीत कित्येक दशकं चालत आली आहे. तत्त्व तेच, गॅस वेगळा.

आधी हे ठरवा: तुमचा पदार्थ यात बसतो का?

चिवडा, शेव, वेफर, भाजलेले दाणे, काजू, कॉफी, दूध पावडर हे सगळे कोरडे पदार्थ. त्यांच्यातलं जंतूंना वापरता येईल असं पाणी फारच कमी असतं. तंत्रज्ञ त्याला 'वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. ती ०.६ च्या खाली असली की बुरशीसुद्धा वाढत नाही, आणि नीट तळलेला चिवडा त्याच्याही बराच खाली असतो. अशा मालाला नायट्रोजन बिनधास्त भरा.

ओल्या पदार्थाला मात्र हात लावू नका. पुरणपोळी, खव्याचे मोदक, पनीर, तेलातला ओला लसूण, शिजवलेली भाजी. लोक मला विचारतात, "दादा, चिवडा तीन महिने टिकतो, मग पुरणपोळी निदान पंधरा दिवस तरी?" उत्तर आहे, नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला ऑक्सिजन नकोच असतो. त्याचे बीजाणू मातीतून मसाल्यात, भाजीत कुठेही येऊ शकतात, साध्या उकळीने मरत नाहीत, आणि ओलावा असलेल्या, फारसा आंबट नसलेल्या, ऑक्सिजन काढलेल्या पदार्थात साध्या तापमानाला ते विष बनवू शकतात. पिशवीत ऑक्सिजन असता तर बुरशी दिसली असती, आंबूस वास आला असता, गिऱ्हाइकाने पदार्थ फेकला असता. तुम्ही गॅस भरून ती धोक्याची घंटाच बंद करता. अशा मालासाठी पीएच (आंबटपणाचं माप), वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि शीतसाखळी यांचा हिशोब अन्नतंत्रज्ञाकडून करून घ्या. अंदाजाने करू नका.

पाव-केक, चीज, ताजं मांस-मासळी यांत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांची मिश्रणं वापरतात. कार्बन डायऑक्साइड बुरशीला आणि बऱ्याच जंतूंना थोपवतो, नायट्रोजन नुसती जागा भरतो. कार्बन डायऑक्साइड ओल्या पदार्थात विरघळतो, म्हणून नुसता तोच भरला तर पिशवी आत ओढली जाते. आर्गॉनही चालतो, पण महाग. आपल्या फरसाणाला त्याची गरज नाही.

पायरी १: गॅस मागताना

पुरवठादाराकडे 'अन्नासाठीचा नायट्रोजन' असं स्पष्ट सांगून मागा आणि प्रत्येक लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र घ्या. त्यात शुद्धता, उरलेला ऑक्सिजन, ओलावा आणि कार्बन मोनॉक्साइड हे आकडे बघा. अन्नातल्या नायट्रोजनला आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे ९४१, कार्बन डायऑक्साइडला २९०, आर्गॉनला ९३८. युरोपच्या निकषात नायट्रोजन किमान ९९ टक्के शुद्ध हवा. बाजारात मिळणारा बहुतेक त्याहून शुद्ध असतो, पण वेल्डिंगच्या दुकानातून फिरून आलेल्या सिलिंडरमध्ये आधी काय होतं याचा कागद नसतो, आणि अडचण तिथेच असते.

सिलिंडर आलं की रंगाआधी लेबल वाचा. भारतीय मानकाप्रमाणे नायट्रोजनचं सिलिंडर राखाडी, मानेकडे काळं असतं. पण रंग उडतो, पुन्हा मारला जातो. नाव लिहिलेलं नसेल तर सिलिंडर परत पाठवा. खांद्यावर ठोकलेली पुढच्या चाचणीची तारीख उलटलेली असेल तरीही परत. या नियमांची, म्हणजे गॅस सिलिंडर नियम २०१६ ची, देखरेख करणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

रोजचा माल वाढला तर हवेतून नायट्रोजन वेगळा करणारं यंत्र, म्हणजे पीएसए जनरेटर, घेता येतं. त्यात कार्बनची चाळणी ऑक्सिजन धरून ठेवते आणि नायट्रोजन पुढे जातो. कॉम्प्रेसर तेलविरहित हवा, नाहीतर त्याच्या तेलाचा वास शेवेला लागतो.

पायरी २: पिशवी, म्हणजे आमची फजिती

पहिल्या बॅचची गोष्ट ही. एका पिशवीवाल्याने जाड, चकचकीत पारदर्शक पॉलिथिनच्या पिशव्या दिल्या. "मायक्रॉन बघा साहेब, हिच्यातून हवा जाणार आहे का?" मी अंगठ्याने दाबून बघितली आणि पटलं. हवा जात होती. पॉलिथिन पाण्याच्या वाफेला बऱ्यापैकी अडवतं, ऑक्सिजनला जवळजवळ नाही. एका चौरस मीटर साध्या पॉलिथिनमधून दिवसाला काही हजार घनसेंटिमीटर ऑक्सिजन जाऊ शकतो. मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ थर दिलेल्या, पॉलिएस्टरमधून तोच आकडा एक-दोनवर येतो.

आमच्या २०० ग्रॅमच्या पिशवीला लावून बघा. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ ०.११ चौरस मीटर, आत मोकळी जागा सुमारे पाऊण लिटर. साध्या पॉलिथिनमध्ये भरलेला नायट्रोजन आठवडाभरात बाहेरच्या हवेसारखा झाला असणार. आम्ही महिनाभर 'नायट्रोजनमधला' म्हणून साध्या हवेतला चिवडा विकत होतो.

तेव्हा थरांची पिशवी मागा: बाहेर छापलेलं पॉलिएस्टर, मध्ये मेटलाइज्ड थर, आत सील होणारं पॉलिथिन. पुरवठादाराला ऑक्सिजन आणि वाफ यांच्या पारगम्यतेचे, म्हणजे फिल्ममधून किती आरपार जातं त्याचे, आकडे लेखी मागा. आकडा सांगता येत नसेल तर दुसरं दुकान गाठा. पिशवीला खिडकी हवी असा हट्ट मार्केटिंगवाले करतात. खिडकीतून उजेड येतो हे त्यांना सांगा.

पायरी ३: किती गॅस, कुठलं मशीन

छोट्या युनिटला दोन वाटा आहेत. एक, बँड सीलरला (पिशवीचं तोंड गरम पट्ट्यांतून सरकवत सील करणाऱ्या मशीनला) गॅसची नळी जोडून पिशवीत फुंकणं. दुसरी, आधी हवा ओढून मग गॅस सोडणारं व्हॅक्यूम मशीन. दोन्हींचा हिशोब वेगळा.

फुंकताना आतली हवा आणि गॅस मिसळत जातात. पिशवीच्या मोकळ्या जागेइतका गॅस एकदा सोडला तर ऑक्सिजन २१ वरून साधारण ८ टक्क्यांवर येतो. दुप्पट सोडला तर ३, तिप्पट सोडला तर १. नळी तळापर्यंत गेली तर निकाल याहून बरा, तोंडाशीच धरली तर वाईट. चिवडा-वेफरला २ टक्क्यांच्या खाली आणा, काजू-दाण्याला १ च्या आसपास. पोह्यांच्या छिद्रांतही हवा असते आणि ती नंतर सावकाश बाहेर येते, म्हणून थोडा हात सैल ठेवा.

व्हॅक्यूममध्ये नव्वद टक्के हवा ओढून घेतली की गॅस भरल्यावर २ टक्के उरतो, तेच दोनदा केलं तर ०.२. गॅस कमी लागतो, ऑक्सिजनही कमी उरतो. पण वेफर पूर्ण व्हॅक्यूममध्ये चुरतात, तिथे अर्ध्यावर थांबावं लागतं.

नेहमीचं सिलिंडर १५० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेलं असतं आणि त्यात सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर गॅस असतो. फुंकण्याच्या पद्धतीत पिशवीला तीन लिटर धरले तर २,३०० पिशव्या, गळती धरून दोन हजार. तुमच्याकडे याच्या निम्म्याच भरत असतील तर नळी कुठेतरी गळते आहे.

पायरी ४: भरायचा दिवस

तळलेला माल पूर्ण गार होऊ द्या. गरम भरला तर आत वाफ सुटते, आणि गार झाल्यावर पिशवी आकसते. मोठ्या परातीत पसरून, वर जाळीचं कापड टाकून आम्ही दीड-दोन तास थांबतो. पावसाळ्यात तेवढ्यात तो हवेतला ओलावा ओढायला लागतो, म्हणून जून ते सप्टेंबर पसरायची जागाही एसीत.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडा, आपलं तोंड बाजूला ठेवून. रेग्युलेटरवर २ ते ३ बार बस झालं. जास्त ठेवलं की चिवड्यातली हळद आणि पिठीसाखर उडून थेट सीलच्या जागी बसते.

पिशवीचं तोंड हीच खरी नाजूक जागा. भरणाऱ्या मावशींनी मला शिकवलेली युक्ती: पिशवीच्या तोंडात पातळ पत्र्याचं नरसाळं घालायचं, त्यातून माल टाकायचा, नरसाळं काढायचं आणि सीलची दोन बोटं जागा कोऱ्या कापडाने आतून एकदा फिरवून पुसायची. शेवेचा एक तुकडा किंवा तेलाचा ओघळ सीलमध्ये अडकला की डोळ्यांना न दिसणारी वाट राहते. नळी तळापर्यंत घाला, ठरलेले सेकंद सोडा, नळी काढता काढता तोंड चिमटीत धरा, लगेच सील.

दर अर्ध्या तासाला एक पिशवी बाजूला काढून पाण्याखाली दाबा. बुडबुड्यांची रेघ निघाली तर मागच्या अर्ध्या तासाचा माल उघडा. जीवावर येतं, पण उघडा. पिशवीतला ऑक्सिजन मोजायचं सुईचं यंत्र महाग वाटलं तर तीन-चार युनिटांनी मिळून घ्यावं. सुई टोचायच्या जागी चिकट रबराची टिकली लावायची, नाहीतर यंत्र बाहेरचीच हवा मोजतं.

पायरी ५: खोली. इथे घाई नको

कोकणातली खरी गाठ इथे आहे. माल कोरडा राहावा म्हणून भरायची खोली बंद करावी लागते: दारं लावलेली, खिडक्यांना पट्ट्या, एसी चालू. आणि त्याच बंद खोलीत आपण दिवसभर नायट्रोजन सोडत असतो. पिशवीत जातो त्याहून जास्त खोलीत जातो, कारण फुंकलेला गॅस पिशवीतली हवा घेऊन बाहेरच पडतो. भिंतीवरचा घरगुती एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवतो. गारवा देतो, ताजी हवा देत नाही.

आकड्यांत बघू. खोली ३ बाय ४ मीटर, उंची ३, म्हणजे ३६ घनमीटर. मशीन मिनिटाला २५ लिटर गॅस खातं, तासाला दीड घनमीटर. पंखा ताशी खोलीची चार वेळा हवा बदलत असेल तर ऑक्सिजन २०.७ टक्क्यांवर राहतो, काळजी नाही. खोली जवळपास हवाबंद असेल, फटींतून तासाला जेमतेम साडेतीन घनमीटर हवा येत असेल, तर दोन तासांच्या आत ऑक्सिजन १९.५ च्या खाली जातो आणि आठ तासांच्या पाळीत सतराच्याही खाली. आणि हे काहीही बिघडलेलं नसताना! नळी निसटून अख्खं सिलिंडर एका दमात खोलीत मोकळं झालं तर काही मिनिटांतच सतरा.

१९.५ टक्के ही सर्वमान्य धोक्याची रेघ आहे. सोळाच्या आसपास विचार आणि हातपाय मंदावतात, माणसाला स्वतःला ते कळत नाही. दहाच्या खाली शुद्ध हरपते. सहाच्या खाली काही मिनिटांत मरण. शुद्ध नायट्रोजनचे एक-दोन श्वासही माणसाला खाली पाडायला पुरतात. नायट्रोजन भरलेल्या पिंपात डोकं घालून बघणाऱ्यांचं तेच होतं.

यात सगळ्यात फसवी गोष्ट अशी की घुसमटल्यासारखं वाटतच नाही. श्वास कोंडल्याची भावना रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते. नायट्रोजनमध्ये तो नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, म्हणून शरीर ओरडत नाही. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००३ मध्ये मोजदाद केली तेव्हा १९९२ ते २००२ या काळात त्या देशात नायट्रोजनने ८० माणसं गेली होती. अन्नाच्याच कारखान्यातलं उदाहरण हवं तर २८ जानेवारी २०२१ चं घ्या. जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल इथल्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात द्रव नायट्रोजन फ्रीझरमधून सांडला आणि सहा जण गेले. त्या जागी ऑक्सिजन मोजणारं, इशारा देणारं यंत्र नव्हतं. आणि काय झालं ते बघायला, वाचवायला म्हणून बाकीचे कामगार आत जात राहिले.

मग करायचं काय?

सिलिंडर खोलीबाहेर ठेवा, सावलीत, छपराखाली, भिंतीला साखळीने बांधून. आत फक्त कमी दाबाची नळी आणा. हा एक बदल केला तरी मोठा धोका भिंतीपलीकडे जातो.

बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा आणि त्याचं बटण मशीनशी जोडून घ्या: पंखा बंद तर गॅसही बंद, यासाठी नळीवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह लावतात. पंख्यासमोरच्या भिंतीत हवा आत यायला झडप हवीच, नाहीतर पंखा नुसता गुरगुरतो. ओलाव्याची भीती वाटते ना? मग आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर आर्द्रता काढणारं यंत्र लावा. खर्च आहे. पण खोली कोंडून ओलावा अडवणं हा पर्याय गॅस आला त्या दिवशीच संपला.

ऑक्सिजन मोजणारं यंत्र काम करणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर लावा, एक घंटी १९.५ ला, दुसरी १८ ला. त्यातला सेन्सर साधारण दोन वर्षांत म्हातारा होतो, तारीख त्यावरच लिहून ठेवा. कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर त्याचं मोजयंत्र वेगळं आणि जमिनीजवळ, कारण तो हवेच्या दीडपट जड. शिवाय तो नुसता जागा अडवत नाही, स्वतःच घातक आहे: हवेत ४ टक्के झाला की जीवाला धोका, तेव्हा ऑक्सिजनचं यंत्र अजून वीसच दाखवत असतं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मावशी म्हणाल्या, "दादा, तुमचा मोबाइल वाजतोय कधीचा." मोबाइल खिशातच होता. वाजत होतं ते भिंतीवरचं यंत्र, आकडा १९.४. मशीनमागची नळी क्लिपमधून निसटून खाली फुसफुसत होती, आणि बाहेर जोराचा पाऊस म्हणून कोणीतरी पंख्याची झडप लावून टाकली होती. सगळ्यांना बाहेर काढलं, सिलिंडर बाहेरच असल्याने तिथूनच बंद केलं. कोणालाही काही जाणवलं नव्हतं. मला ते यंत्र 'कारखान्यांचे लाड' वाटत होतं हेही सांगून टाकतो.

काडी पेटवून हवा तपासायची कल्पना कोणी सुचवली तर हात जोडा. ज्योत ठीक दिसत असतानाच माणूस मंदावलेला असू शकतो. आणि तळणीची शेगडी या खोलीत नकोच. कमी ऑक्सिजनमध्ये ती कार्बन मोनॉक्साइड करायला लागते.

सिलिंडरशी वागणं

रिकामं असतानाही ते पन्नासेक किलोंचं असतं, आणि भरलेलं असताना आत १५० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या साठ-सत्तरपट दाब. आडवं गडगडत नेऊ नका, टोपी घातल्याशिवाय हलवू नका. पडून व्हॉल्व्ह तुटला तर ते भिंतीत घुसतं. ट्रॉली घ्या. रेग्युलेटर नायट्रोजनचाच वापरा, ऑक्सिजनचा जुगाड करून बसवू नका. जोड साबणाच्या पाण्याने तपासा. थोडा दाब उरलेला असतानाच बदला, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. पाळी संपली की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. नुसता रेग्युलेटर पिळून घरी जाणं चालणार नाही.

द्रव नायट्रोजनचा मोह छोट्या युनिटने ठेवू नये. उणे १९६ अंशांचा एक लिटर द्रव सुमारे ७०० लिटर गॅस होतो. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका बारमध्ये द्रव नायट्रोजन घातलेलं पेय धूर विरायच्या आत एकाने प्यायलं आणि त्याच्या पोटाला भोक पडलं. लग्नाच्या पंगतीत धुराची कुल्फी-बिस्किटं मागणारे असतात, त्यांना नाही म्हणा.

कोणी पडलंच तर

आत धावू नका. ओळखीचा माणूस जमिनीवर दिसतो तेव्हा हे पाळणं फार अवघड असतं, म्हणूनच आधी तालीम करून घ्या. बाहेरून गॅस बंद, पंखा चालू, दारं सताड उघडी, १०८ ला फोन. यंत्रावरचा आकडा १९.५ च्या वर आल्याशिवाय आत जायचं नाही. म्हणून त्याचा एक दर्शक दाराबाहेर हवा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा. युनिटमधल्या निदान दोघांनी ते शिकलेलं असावं. मोकळ्या हवेत शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्या.

किती दिवस टिकतो ते कसं ठरवायचं

शेजाऱ्याच्या पाकिटावरची तारीख उतरवू नका. एकाच बॅचच्या तीस पिशव्या गॅसच्या, तीस बिनगॅसच्या भरा. निम्म्या साध्या तापमानाला, निम्म्या पत्र्याखालच्या उकाड्यात. दर आठवड्याला दोन्हींतली एकेक उघडा, त्याच तिघांना चाखायला द्या, कुठली कोणती ते सांगू नका. आमच्याकडे यात मावशींचं नाक प्रयोगशाळेच्या आधी सांगतं, पण कागदासाठी पेरॉक्साइड मूल्य आणि आम्लमूल्य (तेल किती बिघडलंय ते सांगणारे प्रयोगशाळेतले आकडे) तपासून घ्या. खवटपणा लागला त्या आठवड्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख छापा.

निव्वळ वजन मालाचं, गॅसमुळे पिशवी कितीही टपोरी दिसो. चुरा होऊ नये एवढाच फुगवटा ठेवा. त्याहून जास्त ठेवला की गिऱ्हाईक 'हवा विकतात' म्हणतं, आणि बरोबर म्हणतं.

शेवटचा प्रश्न वितरणाचा. चिपळूण समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर. तिथे हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी, म्हणून इथे ताठ भरलेली पिशवी वर जाऊन आणखी फुगायला बघते आणि कच्चं सील उसवतं. घाटावर जाणारा माल आम्ही थोडा सैल भरतो, खोक्यात वर बोटभर जागा सोडतो. पहिल्या खेपेला दुकानदाराचा फोन आला, "पिशव्या फुगल्यात, माल खराब झालाय." कोरडा चिवडा होता, चूक घाटाची होती. तीच फुगलेली पिशवी ओल्या पदार्थाची असती तर मी त्याला ती उघडू नको, चाखू नको, अख्खं खोकं परत पाठव असं सांगितलं असतं.